दयेची उलटतपासणी

आबासाहेब परब वकिलांची आणि माझी पहिली भेट मालवणात, कोर्टाच्या व्हरांड्यात झाली. मी नवी सनद घेऊन वालावलहून आलो होतो, काळा कोट अजून अंगावर रुळायचा होता, आणि कुणीतरी 'या, बसा' म्हणेल अशी माझी भाबडी समजूत होती. आबासाहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुमका हंय कोणी धाडल्यान?" कुणी नाही, माझा मीच आलो, असं मी सांगितलं. तर म्हणाले, मग ते तुम्हाला अजून ठाऊक नाही एवढंच. कळलं की मला सांगा. तेवढ्यात पुकारा झाला आणि ते आत गेले.

मला राग आला. आम्हा वालावलच्या माणसांना राग यायला मुहूर्त लागत नाही. हा कोण टिकोजीराव लागून गेला, असं मी मनात म्हटलं, आणि पुढे कितीतरी दिवस मीही त्यांच्याकडे संशयानेच पाहत राहिलो. आज त्यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. ह्या गौरवग्रंथात मोठमोठी माणसं त्यांच्याविषयी गोड लिहितील आणि ते योग्यच आहे. मला गोड लिहिता येत नाही. ज्या संशयाचा मला तेव्हा राग आला तोच त्यांचा सगळ्यांत मोठा गुण आहे, असं माझं मत आहे, आणि मताला पुरावा आहे म्हणून हा लेख लिहायला बसलो आहे.

आबासाहेब निकालपत्र शेवटून वाचतात. आधी शिक्षा, मग शिक्षेची कारणं, आणि सगळ्यात शेवटी साक्षीपुरावा. मला ही पद्धत उफराटी वाटायची आणि एकदा मी तसं बोललोही. त्यांनी मला समोर बसवून समजावलं. गुन्हा झाला की नाही, हे ठरताना दोन्हीकडचे वकील डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात. साक्षीदाराला घाम फुटेस्तोवर विचारतात. पण एकदा गुन्हा शाबीत झाला आणि शिक्षा किती ह्याची गोष्ट निघाली की सगळे सैल होतात. आरोपीचा वकील उठून सांगतो, माझा अशील वयस्कर आहे, घरंदाज आहे, घरातला एकटा कमावता आहे, त्याला पश्चात्ताप झाला आहे. समोरचा वकील घड्याळ बघत असतो. कोर्ट ते सगळं लिहून घेतं, आणि एवढं सगळं कुणी कुणाला विचारून सांगितलं, हे कुणी पाहत नाही. "दयेची पण उलटतपासणी होवक् होयी," असं आबासाहेब म्हणाले. हे वाक्य मी त्यानंतर त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलं आहे.

ही ढिलाई सगळ्यांत जास्त कुठे होते, तर लहान मुलांवरच्या अत्याचारांच्या खटल्यांत. तिथे प्रत्येकालाच घाई असते. पोलिसाला लाज वाटते, कारकुनाला लाज वाटते, न्यायाधीशाला वाचताना कसंसं होतं, आणि मुलाचे नातेवाईकच म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. मग अपिलात किंवा फेरतपासणीत वरचं कोर्ट काय बघतं? खालच्या कोर्टाने कागदावर जेवढं लिहिलं तेवढंच. खाली ज्याने दया लिहून घेतली त्याची दया वर जाऊन पक्की होते. ज्याच्यासाठी कुणी काही लिहिलंच नाही, त्याला वर तरी काय मिळणार?

ह्यावरून एक प्रसंग सांगतो. एकदा आबासाहेबांनी माझ्यापुढे दोन निकालपत्रं ठेवली. न्यायाधीश एकच, गुन्हा एकाच जातीचा, दोन्ही आरोपी दोषी ठरलेले. एक गावाबाहेरच्या वस्तीतला मजूर, दुसरा बाजारातला प्रतिष्ठित दुकानदार. मजुराला कलमात बसेल तेवढी सगळी शिक्षा, आणि कारणांच्या जागी दोन ओळी. दुकानदाराला अगदी नावापुरती, आणि कारणं पानभर: वय, अब्रू, दानधर्म, देवभक्ती. मी तरुण होतो, मला वाटलं आबासाहेब आता मजुराची शिक्षा कमी करून मागतील. ते म्हणाले, अजिबात नाही, मजुराची शिक्षा बरोबर आहे, म्हणूनच दुकानदाराची चुकीची आहे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे घरात चालतं. कोर्टात चालत असेल तर कोर्टाचं घर झालं म्हणायचं.

आता मुख्य गोष्ट. गावाचं नाव मी लिहिणार नाही. तोंडवलीच्या बाजूला, खाडी ओलांडून जावं लागतं, एवढं पुरे. ज्या कोर्टात खटला चालला त्याचंही नाव लिहिणार नाही. आणि मुलीचं नाव तर आबासाहेबांनी आम्हाला बाररूममध्येसुद्धा घेऊ दिलं नाही. एकदा एका सहकाऱ्याने चहा पिता पिता ते सहज घेतलं, तेव्हा आबासाहेब भरला पेला तसाच ठेवून उठून गेले आणि त्या गृहस्थांशी आठवडाभर बोलले नाहीत. आम्ही 'ती मुलगी' एवढंच म्हणत असू.

मुलगी नऊ-दहा वर्षांची होती. आरोपी त्याच गावातला, रापणीचा मालक. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. ते ओढायला निम्मा गाव लागतो आणि आलेल्या मासळीत ओढणाऱ्यांचा वाटा असतो, त्यामुळे रापणीचा मालक म्हणजे निम्म्या गावाचा अन्नदाता. काय घडलं ते कोर्टाच्या कागदांत आहे आणि तिथेच राहू दे. पोलिसांनी हलकं कलम लावलं. का लावलं, हे मला आजही नीट कळलेलं नाही आणि माझा संशय मी सोडलेला नाही. तरी मुलीने साक्ष चांगली दिली, आरोपी दोषी ठरला. आणि शिक्षा काय? कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड. म्हणजे ते गृहस्थ संध्याकाळपर्यंत बाकावर बसले, दंड भरला आणि घरी जेवायला गेले.

मुलीची आई आबासाहेबांच्या पडवीवर आली तेव्हा मी तिथे होतो. नवरा जहाजावर खलाशी, तो कुठल्या बंदरात होता देव जाणे. ती बोलायला लागली तशी आबासाहेबांनी तिला थांबवलं आणि काकींना, म्हणजे त्यांच्या पत्नींना, हाक मारली. काकींनी तिला आत नेऊन पेज आणि भाजलेला सुका बांगडा वाढला. उपाशी माणूस खरं सांगतो पण अर्धं सांगतो, असं आबासाहेबांचं म्हणणं. जेवून आल्यावर ती खांबाला टेकून बसली आणि मग सगळं नीट बोलली. दंड कमी झाला की जास्त, ह्याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

"शाळेची वाट तेच्या मांगराकडसून जाता," ती म्हणाली. "तो थंय जाळी शिवीत बसलेलो आसता. चेडू त्या वाटेर पाय घालूक तयार नाय. माका तां शाळेत जावक् होयां."

मांगर म्हणजे जाळी ठेवायची खोपी. मागणी एवढीच होती. मुलीला शाळेत जायचं होतं आणि वाट एकच होती.

कायदा थोडक्यात सांगतो, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. अशा खटल्यात शिक्षा कमी झाली म्हणून मुलीच्या आईला अपील करता येत नसे. तिला जिल्ह्याच्या सेशन्स कोर्टात फेरतपासणीचा अर्ज करता येई. सेशन्स जज्जांना स्वतः शिक्षा वाढवता येत नव्हती, ते फार तर हायकोर्टाकडे शिफारस पाठवणार. आणि हायकोर्टाने शिक्षा वाढवण्याची नोटीस काढली की आरोपीला सगळाच खटला पुन्हा उकरून काढायचा हक्क मिळतो: मी गुन्हाच केला नाही, मला सोडा. म्हणजे वाढवून मागायला जावं आणि होतं तेही घालवून बसावं, अशी ही वाट. कुठलाही शहाणा वकील अशिलाला ह्या वाटेला लावत नाही. आबासाहेबांनी हे सगळं त्या बाईला मालवणीत, काहीही लपवून न ठेवता सांगितलं. तो सुटला तर गावात ताठ मानेने फिरेल, तुझी मुलगी खोटी ठरेल, हेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता तरी माझ्या हातात काय आसा?"

दुसऱ्याच दिवशी आबासाहेबांनी निकालपत्र शेवटून वाचायला घेतलं. शिक्षा कमी करण्याची तीन कारणं खालच्या कोर्टाने दिली होती. पहिलं, आरोपी तुरुंगात गेला तर रापण बंद पडून गरिबांचे हाल होतील. दुसरं, मुलीच्या भवितव्याच्या दृष्टीने प्रकरण विसरलं जाणंच हिताचं. तिसरं आणि सगळ्यांत वजनदार म्हणजे गावाने हे प्रकरण ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून मिटवलेलं आहे, मुलीच्या घरच्यांनी सगळ्या गावासमक्ष माफी दिली आहे, तेव्हा कोर्टाने जुनी जखम पुन्हा उघडू नये.

पहिल्या कारणाचा निकाल आम्ही किनाऱ्यावर चार माणसांना विचारून लावला. आरोपी तारखांना कोर्टात बसायचा त्या दिवशीही रापण लागतच होती, त्याचे पुतणे ओढून घेत होते. दुसऱ्या कारणावर आबासाहेब फक्त एवढंच म्हणाले, की विसरायचं कुणी? ज्याला आठवतं त्याला कोर्टाने विचारलं का? राहिलं तिसरं. त्यासाठी खाडी ओलांडून त्या गावच्या देवळात जायचं ठरलं, आणि त्यांनी मला सोबत घेतलं.

तिथे मी जे पाहिलं त्याने माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. देवळात आबासाहेबांना लोक घरच्यासारखे भेटत होते. तेव्हा मला कळलं की त्यांचं मूळ घराणं ह्याच देवळाचं मानकरी, जत्रेला मानाचा नारळ त्यांच्या हाती असतो. त्यांनी गुरवाशी हलक्या आवाजात पुष्कळ वेळ गप्पा मारल्या. मग आरोपीचा थोरला भाऊ आला. आबासाहेबांनी त्याच्याशी पान खाल्लं, पावसापाण्याची चौकशी केली, प्रसादाच्या नारळाची कवड घेतली. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं ते मूळ गोष्ट काही केल्या काढेनात. मी खांबाआड उभा राहून मनात खूणगाठ बांधली: म्हातारा मिटवतोय. गावचे मानकरी, गावचा देव, गावची रापण. ती बाई बिचारी पडवीवर पेज जेवून विश्वास ठेवून गेली, आणि हे इथे कवड चघळताहेत.

परतीच्या होडीत मी तोंड आवरलं नाही. सरळ विचारलं, "आबासाहेब, तुम्ही हे प्रकरण मिटवताय का?"

वल्हवणारा वल्हं थांबवून बघायला लागला. मला वाटलं आता माझी मालवणातली वकिली संपली. आबासाहेबांचा चेहरा उजळला. "बरां इचारलंस," ते म्हणाले. "आजपासून माका पण इचारीत जा." मग पाण्याकडे बघत म्हणाले, "त्या गाऱ्हाण्याक मी थंय होतंय. 'व्हय म्हाराजा' म्हणणाऱ्यांत माझो आवाज सगळ्यांत मोठो होतो."

आमच्याकडचं गाऱ्हाणं ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवापुढे नारळ ठेवतात, गुरव किंवा गावकर देवाला उद्देशून मागणं मागतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागे जमलेली सगळी मंडळी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. हे 'होय' कशाला, ते कुणी बघत नाही. लहानपणापासून जीभ वळलेली असते. गाऱ्हाणं पाऊस पडण्यासाठी असो, मुलगा होण्यासाठी असो की हरवलेल्या रेड्यासाठी, होय ते होयच. त्या दिवशी आबासाहेब देवळात सप्त्याला गेले होते. देवापुढे बरेच नारळ होते, त्यांत आरोपीचा एक होता आणि मुलीच्या चुलत्याने ठेवलेला एक. गुरवाने नेहमीसारखंच मागणं मागितलं, की गावात कुणाचं काही वाकडंतिकडं झालं असेल ते सरळ कर, लेकराबाळांना सुखी ठेव. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. आबासाहेबही म्हणाले. खटल्याची गोष्ट तेव्हा त्यांच्या कानावरही आलेली नव्हती. आणि तेच 'होय' पुढे कोर्टात साक्षीदारांनी गावाची माफी म्हणून सांगितलं, आणि घाटावरून आलेल्या न्यायाधीशांनी ते खरं मानलं. ज्या चुलत्याचा नारळ होता तो त्या रापणीवर वाटेकरी, हे गुरवाने त्या दिवशी गप्पांच्या ओघात सांगून टाकलं. पान आणि कवड त्याचसाठी होती, हे मला होडीत बसल्यावर कळलं.

मी त्यांना म्हटलं, हे सांगायची काय गरज? असा गुन्हा आपसात मिटवता येतच नाही, कायद्याचा मुद्दा आपल्या बाजूचा आहे, तेवढ्यावर लढू. तुमचं नाव कशाला? ते म्हणाले, जज्जही माणूसच असतो. कायद्याने माफी चालत नाही हे तो मान्य करेल, पण मनात म्हणेल, घरच्यांनी माफ केलं, मग मी कशाला कडक होऊ? ती माफी झालीच नव्हती, हे तिथे उभ्या असलेल्या माणसानेच सांगायला हवं. गावातला दुसरा कोणी सांगणार नाही. आणि वकील स्वतः साक्षीला उभा राहिला की त्याला त्याच खटल्यात वकिली करता येत नाही, म्हणून त्यांनी आपलं वकीलपत्र मागे घेतलं आणि फेरतपासणीचं काम माझ्या अंगावर टाकलं. माझी तोपर्यंतची सगळ्यांत मोठी केस बैलाच्या शिंगाने झालेल्या दुखापतीची होती.

रत्नागिरीला सेशन्स कोर्टात मी उभा राहिलो. आबासाहेबांनी प्रतिज्ञापत्र केलं होतं. जज्जसाहेब देशावरचे, ते वाचून त्यांच्या कपाळाला आठी पडली आणि त्यांनी आबासाहेबांना पिंजऱ्यात बोलावून घेतलं. त्या पिंजऱ्यासमोर आबासाहेब एरवी वकील म्हणून उभे राहत. आज ते आत होते. आमच्या बाजूच्या गावांतली काही मंडळी मागे बसली होती, त्यांत रापणीवरचेही होते.

"तुम्ही देवासमोर होय म्हणालात?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"म्हणालो."

"कशाला होय म्हणालात?"

"ते मला ठाऊक नव्हतं, साहेब. तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही गाऱ्हाण्याला नेहमीच होय म्हणतो."

"मग माफी दिली कुणी?"

"कुणीच नाही. माफी मागितलीच गेली नव्हती. गाऱ्हाण्यात मुलीचं नाव नव्हतं, गुन्ह्याचं नाव नव्हतं. आणि जिच्यावर गुन्हा झाला ती मुलगी घरात होती, तिच्या आईला कुणी बोलावलंही नव्हतं."

मागून कुणीतरी मोठ्याने खाकरलं. आपण देवापुढे न ऐकता होय म्हणतो, हे एका मानकऱ्याने भर कोर्टात शपथेवर सांगितलं होतं. गावाच्या दृष्टीने ह्याहून मोठी नामुष्की नाही. आबासाहेब पिंजऱ्यातून उतरले आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेले. जज्जसाहेबांनी शिफारस लिहिली.

हायकोर्टात जायला आम्ही मालवणहून बोटीने मुंबईला गेलो. आरोपीने मोठे बॅरिस्टर दिले होते, आणि ज्याची भीती होती तेच झालं: त्यांनी शिक्षेची गोष्ट बाजूला ठेवली आणि गुन्हाच झाला नाही म्हणून मुलीच्या साक्षीतला शब्द न् शब्द वाचून काढायला सुरुवात केली. ते ऐकणं मला जड गेलं. आबासाहेब मान खाली घालून बसले होते. मला राहून राहून वाटत होतं की आपण त्या बाईचं होतं नव्हतं ते घालवलं, आणि होडीतल्यापेक्षा वाईट संशय मनात आला: सगळं आबासाहेबांच्या स्वतःच्या मनाच्या शांतीसाठी तर चाललेलं नाही ना? मी तेही त्यांना जेवताना विचारलं. ते म्हणाले, मलाही तोच संशय येतोय, पण आता तारू पाण्यात आहे. त्या दिवशी दोघांचंही जेवण ताटातच राहिलं.

न्यायमूर्तींनी मुलीची साक्ष खरी मानली. मुलीच्या वतीने दुसऱ्या कुणी दिलेली माफी शिक्षेच्या हिशेबात धरता येणार नाही, अशा अर्थाचं काही निकालात आलं, आणि आरोपीला कलमात बसेल त्याच्या जवळपासची सक्तमजुरी झाली. मी कोर्टाच्या आवारात आबासाहेबांचे हात धरून नाचायच्या बेतात होतो. ते म्हणाले, हळू, इथे आणखी कुणाचा तरी निकाल लागतो आहे.

पुढचं सांगायलाच हवं, कारण ह्या ग्रंथात दुसरं कुणी ते सांगेल असं मला वाटत नाही. त्या वर्षीच्या जत्रेला आबासाहेबांच्या हाती मानाचा नारळ आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. त्या बाजूच्या गावांतून त्यांच्याकडे येणारी कामं आटली. काकींना देवळात बायका जागा देईनात, आणि काकींनी ते कधी घरात बोलून दाखवलं नाही. मला शेजाऱ्यांकडून कळलं. आबासाहेबांना मी एकदा विचारलं, वाईट वाटतं का? ते म्हणाले, "वाटता. माझो देव तो. माका वाटतलाच." एवढं बोलून ते कागद चाळायला लागले.

आता ह्या गौरवसमितीच्या यादीत त्याच गावच्या काही मंडळींची नावं मी पाहतो आहे. त्यांनी शालीसाठी वर्गणी दिली आहे, हार घालायलाही ते येणार आहेत. बरं आहे. पण मी संशयी माणूस आहे, आणि माझे गुरूही संशयी, म्हणून विचारतो: ही शाल कशासाठी? त्या दिवशी पिंजऱ्यात ते जे बोलले त्यासाठी, की ते आता कुणाला आठवत नाही म्हणून? समितीने हा परिच्छेद गाळला तर मला उत्तर मिळेल. गाळला नाही तर मी त्या मंडळींना स्वतः जाऊन नमस्कार करीन.

आबासाहेबांच्या चांगुलपणाच्या गोष्टी पुष्कळ आहेत. मला टायफॉईड झाला तेव्हा त्यांनी माझ्या तारखा महिनाभर सांभाळल्या आणि एकही पक्षकार स्वतःकडे वळवला नाही. मी बरा होऊन आल्यावर मीच संशयाने सगळ्या पक्षकारांना विचारून आलो, आणि हे कळल्यावर ते खूश झाले. पण मला सगळ्यांत जास्त आठवते ती एक दुपार. हायकोर्टाचा निकाल होऊन थोडे दिवस झाले होते. ती बाई पडवीवर आली, आणि बरोबर ती मुलगी. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. सगळ्या खटल्यात, तीन कोर्टांत, तिच्याविषयी बोलणं झालं होतं आणि साक्ष घेण्यापलीकडे तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. खटला सुरू झाला तेव्हा लहान होती. आता लुगड्याला आली होती. आई हात जोडून रडत होती, तो आता मांगरावर नाही, वाट मोकळी झाली म्हणत होती.

आबासाहेब खुर्चीतून उठून खाली पायरीवर तिच्यापासून जरा अंतरावर बसले आणि म्हणाले, "गो बाय, तुका काय होयां होतां, तां माका तू सांग."

ती म्हणाली, "माका शाळेत जावचा होता. आता माझो वर्ग फुडे गेलो."

  आरोपीला शिक्षा मिळाली होती, कायदा जिंकला होता, आम्ही जिंकलो होतो. एका कोर्टातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात कागद जाईपर्यंत तिच्या बरोबरीच्या मुली चौथी पास होऊन गेल्या होत्या. ती पुढे शिकली की नाही, आज कुठे आहे, हे मला ठाऊक आहे आणि मी लिहिणार नाही. हे वाचताना काही जण त्या बाजूची घरं आठवून बघायला लागले असतील. आठवू नका.

त्या दिवसापासून आबासाहेब अशा कुठल्याही प्रकरणात युक्तिवादाच्या आधी उभे राहून एकच विनंती करतात, की तारीख जवळची द्या. कारकून हसतात, न्यायाधीश वैतागतात, आबासाहेब खाली बसत नाहीत. परमेश्वराने त्यांना निरोगी ठेवावं, गुडघे शाबूत ठेवावेत, कारण त्यांना अजून पुष्कळ उभं राहायचं आहे. आमच्या कोर्टांना किती वेळ लागतो हे मी रोज बघतो. त्या वेळाहून लांब आयुष्य आबासाहेबांना मिळो, आणि पुढच्या कुठल्यातरी मुलीचा निकाल तिचा वर्ग पुढे जायच्या आत लागो.